बरोबरी म्हणजे अर्धी हार नव्हे

"बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला," असं मुलानं सांगितलं की मेहकरातल्या कितीतरी घरांत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे जिंकला नाहीस ना?" बरोबरी म्हणजे काहीच न घडलेला डाव, अशी यामागची समजूत.

ती किती चुकीची, हे पाहायला आपल्या विदर्भाचंच उदाहरण घ्या. २६ जुलै २०२५, जॉर्जियातलं बातुमी, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होती, समोर कोनेरू हंपी. पहिला डाव ४१ चालींत बरोबरीत सुटला. दिव्याला सुरुवातीलाच चांगली स्थिती मिळाली होती, पण हंपीनं चिवट बचाव केला. दुसऱ्या दिवशीही बरोबरी. २८ जुलैला जलद डावांत आणखी एका बरोबरीनंतर निकाल लागला आणि दिव्या २.५–१.५ अशी जिंकून ग्रँडमास्टर झाली. त्या अडीच गुणांतला दीड गुण तीन बरोबऱ्यांचा होता!

पहिल्या डावातली सुरुवात होती क्वीन्स गॅम्बिट, आणि दिव्यानं देऊ केलेलं प्यादं हंपीनं घेतलंही. 'यात पांढरा एक प्यादं फुकट घालवतो' हा दुसरा गैरसमज. डी४, डी५, सी४ या चालींनंतर काळ्यानं सी४ वरचं प्यादं मारलं, तर त्याचं मधलं प्यादं जागेवरून हलतं आणि पटाचा मध्य पांढऱ्याला मोकळा मिळतो. मारलेलं प्यादं धरून ठेवायला गेलं तर महागात पडतं. पटावर लावून पाहा: ई३, बी५, ए४, सी६, पांढरा बी५ वर मारतो, काळा सी-प्याद्यानं परत मारतो, आणि वजीर एफ३ वर येतो. कोपऱ्यातला हत्ती अडकला! तो वाचवायला काळ्याला घोडा किंवा उंट गमवावा लागतो.

नियमांबद्दलही घोळ आहेच. एकच चाल तीनदा केली की बरोबरी, असं नाही. तीच स्थिती, खेळी त्याच खेळाडूची असताना, तिसऱ्यांदा यावी लागते. सलग यायलाच हवी असंही नाही. राजा एकटा उरला की ठरावीक चाली मोजायची गल्लीतली पद्धतही स्पर्धेत चालत नाही. तिथे दोघांच्या प्रत्येकी सलग ५० चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही, तर बरोबरी मागता येते.

पुढच्या वेळी मुलानं बरोबरी सांगितली, तर त्याच्या हातातला चाली लिहिलेला कागद मागा आणि त्याच्यासोबत तो डाव पटावर मांडा.