राजकारणातील स्त्रीनेतृत्व : व्याख्यानपीठापासून ग्रामसभेपर्यंत

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. डॉ. मु. रा. जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. विद्यापीठातील ज्ञान वर्गाच्या चार भिंतींत कोंडून न राहता तालुक्याच्या गावातील नागरिकांपर्यंत पोहोचावे, या हेतूने विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला ही त्यातलीच. घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड यांसारख्या गावी ‘राजकारणातील महिलांचे नेतृत्व’ हा विषय मांडला जातो, तेव्हा श्रोत्यांमध्ये विद्यार्थ्यांच्या बरोबरीने शिक्षक व पंचायत सदस्यही असावेत, अशी अपेक्षा असते. त्यांच्या दृष्टीने हा विषय केवळ गौरवाचा नाही. तो रोजच्या कारभाराचा आहे.

कायद्याची वाटचाल

बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली पंचायत समित्यांवर दोन स्त्रिया स्वीकृत सदस्य म्हणून घ्याव्यात, अशी शिफारस केली होती. तेथून झालेला प्रवास लांबचा आहे. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि सदस्यपदांप्रमाणेच अध्यक्षपदांचाही एक-तृतीयांश हिस्सा स्त्रियांना देशभर लाभला. १९९४ साली राज्याचे महिला धोरण जाहीर झाले, तर २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले.

विधिमंडळाचे चित्र मात्र निराळे आहे. दौंडने २००४ मध्ये श्रीमती रंजना कुल यांना विधानसभेवर पाठविले. तथापि २०१९ च्या निवडणुकीत राज्यातील २८८ जागांपैकी केवळ २४ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. लोकसभा व विधानसभांत एक-तृतीयांश जागा राखण्यासाठी २०२३ मध्ये घटनादुरुस्ती झाली असून, तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या फेररचनेशी जोडण्यात आली आहे.

पद आणि अधिकार

आरक्षणापूर्वीही ग्रामीण स्त्रियांनी आपली पात्रता सिद्ध केली होती. दौंडच्या शेजारच्या बारामती तालुक्यातील निंबुत येथे १९६० च्या दशकात, तर जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे १९८९ मध्ये संपूर्ण पंचायत स्त्रियांच्या हाती आली होती. तेव्हा ‘स्त्रियांना कारभार जमेल काय?’ हा प्रश्न जुना झाला. आजचा प्रश्न असा की, निवडून आलेल्या स्त्रीला कारभार करू दिला जातो काय?

पंचायतीच्या सभेचे अध्यक्षस्थान सरपंचाचे असते व ठरावांच्या अंमलबजावणीचा अधिकारही सरपंचाचाच असतो. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळापासून, म्हणजे २०१५ नंतर, ग्रामपंचायतींच्या हाती थेट येणारा निधी वाढला. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. अशा परिसरात पाणी, रस्ते व सांडपाणी यांचे निर्णय मोठ्या रकमांचे असतात. ते पतीने वा दिराने घ्यायचे आणि सरपंचबाईंनी केवळ सही करायची, ही प्रथा लोकांच्या मताचा अवमान करणारी आहे. तिची दखल घेऊन केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने २०२३ मध्ये समिती नेमली.

कायद्याने काही संरक्षणही दिले आहे. महिलेसाठी राखीव पदावरील महिला सरपंचाविरुद्ध अविश्वासाचा ठराव संमत होण्यास किमान तीन-चतुर्थांश बहुमत लागते. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचास अपात्र ठरविणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला आणि लोकनियुक्त स्त्रीला पदावरून दूर करण्याची बाब हलकेपणाने हाताळली जाऊ नये, असे बजावले.

आपले कर्तव्य

आरक्षण चक्रानुक्रमाने फिरते. पाच वर्षांनी जागा खुली झाली की अनेक कर्तबगार स्त्रिया घरी परततात व त्यांचा अनुभव वाया जातो. हे टाळावयाचे असेल तर पहिल्याच कारकीर्दीत त्यांचा पाया पक्का झाला पाहिजे. अधिकाऱ्यांनी सभेची सूचना, विषयपत्रिका व हिशेब थेट महिला पदाधिकाऱ्याच्याच हाती द्यावेत आणि चर्चाही तिच्याशीच करावी. ग्रामसभेच्या नियमित सभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदोपत्री न उरकता गावातील स्त्रियांना सोयीच्या वेळी घ्यावी. शिक्षकांनी इतिवृत्त व अंदाजपत्रक वाचण्यास साहाय्य करावे, तर पुरुष सदस्यांनी सभागृहात सहकाऱ्याचे स्थान द्यावे आणि नातलगांना सभेबाहेर ठेवावे.

विद्यापीठाचे व्याख्यान तासाभरात संपते. त्यातील विचार गावाच्या इतिवृत्तात उतरला, महिला सरपंचाने मांडलेला ठराव तिच्या नावानिशी नोंदला गेला व तडीस गेला, म्हणजेच त्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.