वंशवृक्षातील लग्नाला आधार कशाचा?

चार्ल्स डार्विनचे लग्न २९ जानेवारी १८३९ रोजी इंग्लंडमधील मेअर या खेड्यातील चर्चमध्ये झाले. वधूचे नाव एमा वेजवूड. आपल्या नात्याच्या भाषेत सांगायचे तर ती डार्विनची मामेबहीण. त्याची आई सुझाना ही माहेरची वेजवूड आणि एमाचा बाप जोसाया हा सुझानाचा सख्खा भाऊ. इंग्रजीत चुलत, मावस, आते, मामे या सगळ्या भावंडांना एकच शब्द पुरतो. मराठीत नाते कोणाच्या बाजूने आले हे शब्दातच सांगितलेले असते. शिवाय महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना या लग्नाचे फारसे नवल वाटणार नाही.

आता असे समजा की डार्विनची चरित्रे, पत्रे यांतले काहीच उपलब्ध नाही. हाती आहे ती फक्त लग्नाच्या नोंदवहीतील नोंद. तिच्यावरून हे दोघे आते-मामे भावंडे आहेत हे कळेल का?

कळणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून लग्नाच्या नोंदीसाठी एक ठरावीक तक्ता आला. त्यात लग्नाची तारीख, दोघांची नावे, वय, अविवाहित की विधुर अथवा विधवा, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि दोघांच्या वडिलांची नावे व व्यवसाय असे रकाने होते. खाली वधूवर, साक्षीदार आणि लग्न लावणारा यांच्या सह्या. आईच्या नावासाठी रकानाच नव्हता. तो यायला ४ मे २०२१ ही तारीख उजाडली! चार्ल्स आणि एमा यांचे नाते तर नेमके आईकडून आलेले. म्हणजे नोंद अस्सल आहे, तारीख बिनचूक आहे, आणि तरीही या जोडप्याविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिच्यात नाही.

मग एक पिढी मागे जाऊ या. डार्विनच्या आईवडिलांचे लग्न १७९६ मधले. त्या काळी १७५४ पासून लागू असलेल्या कायद्याचा नमुना चाले. त्यात वधूवरांची नावे, त्यांचा परगणा, लग्न कोणत्या परवानगीने लागले ते, तारीख आणि सह्या एवढेच असे; वडिलांचेही नाव नाही. नोंदीतून कळेल ते इतकेच की रॉबर्ट डार्विनने सुझाना वेजवूड नावाच्या स्त्रीशी लग्न केले. ही सुझाना कोणत्या वेजवूडची मुलगी, हे ठरवायला बाप्तिस्म्याची नोंद, मृत्युपत्र किंवा पत्रे यांसारखा तिसरा कागद लागतो. ‘एमा ही चार्ल्सची मामेबहीण’ या साध्या वाक्याला एका कागदाचा नव्हे, तर कागदांच्या साखळीचा आधार हवा.

हे सर्व आज मुद्दाम सांगण्याचे कारण म्हणजे इंटरनेटवरील वंशवृक्ष. घराण्याची माहिती संगणकावर भरायची, जुन्या कागदाची प्रतिमा शोधायची आणि एक कळ दाबून ती ‘आधार’ म्हणून जोडायची, हे काम आता कोणालाही करता येते. काही संकेतस्थळांवर तर सगळ्या जगाचा मिळून एकच वृक्ष आहे आणि त्यात कोणीही भर घालू शकतो. सोय मोठी आहे. पण कागद सहसा व्यक्तीच्या पानाला चिकटवला जातो, आणि मग पाहणाऱ्याला वाटते की त्या पानावरची प्रत्येक ओळ सिद्ध झाली. आधार व्यक्तीला नसतो, विधानाला असतो. ‘एमाचा आधार’ या शब्दांना काही अर्थ नाही. ‘एमाचे लग्न अमुक दिवशी झाले या विधानाचा आधार’ याला आहे.

संगणकाच्या आतली रचना पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. वंशवृक्षाची माहिती एका संगणकप्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी ‘गेडकॉम’ नावाची एक लेखनपद्धती १९८४ पासून वापरात आहे. तिच्यात प्रत्येक व्यक्तीची एक नोंद असते आणि प्रत्येक जोडप्याची, म्हणजे कुटुंबाची, वेगळी नोंद असते. कुटुंबाच्या नोंदीत नवरा कोण, बायको कोण, मुले कोणती यांचे फक्त निर्देश असतात. जन्म आणि मृत्यू या घटना व्यक्तीच्या नोंदीत जातात. लग्न मात्र कुटुंबाच्या नोंदीत जाते. हे तर्काला धरूनच आहे. जन्म एकट्याचा असतो, लग्न दोघांचे असते. आलेखाच्या भाषेत बोलायचे तर व्यक्ती हे बिंदू आणि लग्न हा दोन बिंदूंना जोडणारा दुवा. लग्नाच्या नोंदवहीचा आधार त्या दुव्याला जोडायला हवा, म्हणजे तो दोघांच्याही पानावर दिसतो आणि उद्या एका बाजूला चुकीची व्यक्ती जोडली गेली तर विसंगती लगेच ध्यानात येते. आधाराबरोबर पान क्रमांक देण्याची सोय गेडकॉममध्ये आहे. इतकेच नव्हे, तर आधार किती भरवशाचा हे ० ते ३ अशा अंकांत सांगण्याचीही आहे. ० म्हणजे अंदाज, ३ म्हणजे प्रत्यक्ष आणि मूळ पुरावा. बहुतेक हौशी मंडळी हा अंक भरतच नाहीत!

हा अंक तरी संपूर्ण कागदाला एकच कसा देणार? १८३७ नंतरच्या त्या तक्त्याकडे पुन्हा पाहा. तारीख आणि ठिकाण लग्न लावणाऱ्याने तिथल्या तिथे लिहिले, त्याला ते प्रत्यक्ष ठाऊक होते. वय मात्र वधूवरांनी सांगितले तसे लिहिले गेले. कित्येकदा तर ‘सज्ञान’ एवढाच शब्द असे, म्हणजे २१ किंवा त्याहून अधिक. वडिलांचे नावही सांगोवांगीच. ज्याला आपला बाप ठाऊक नव्हता अशा माणसाने रकाना रिकामा दिसू नये म्हणून एखादे नाव रचून सांगितल्याचीही उदाहरणे सापडतात. तेव्हा तारखेला ३ आणि वडिलांच्या नावाला २ किंवा १, असे एकाच कागदाचे वेगवेगळे वजन होऊ शकते. प्रयोगशाळेत एकाच उपकरणाने घेतलेल्या दोन मापनांची अचूकता वेगळी असू शकते, तसेच हे.

पुढचा प्रश्न असा की आपण पाहतो तो कागद मूळ असतो का? इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवहीवरून दर तीन महिन्यांनी नक्कल करून ती वरच्या कचेरीकडे आणि तेथून लंडनला जाई. नकलेत वधूवरांच्या खऱ्या सह्या नसतात, आणि नक्कल करणाऱ्याचा हात चुकलेला असू शकतो. या नकलांवरून नावांची अकारविल्हे सूची तयार झाली. इंटरनेटवर पुष्कळदा सापडते ती ही सूचीच. १९१२ पूर्वीच्या सूचीत जोडीदाराचे नाव नाही. नाव, जिल्हा, खंड आणि पान क्रमांक एवढेच. शोधणारा मग त्याच पानावरची दुसरी नावे काढतो आणि त्यांतली एखादी स्त्री वधू म्हणून निवडतो. पण एका पानावर एकाहून अधिक लग्ने असत. अशा रीतीने शेजारच्या जोडप्यातली वधू आपल्या खापरपणजीच्या जागी येऊन बसते, आणि तिच्यामागे तिचे सगळे पूर्वज! एकदा हे झाले की इतर लोक तो वृक्ष उतरवून घेतात. काही वर्षांनी तीच चूक २० ठिकाणी दिसते आणि २० ठिकाणी आहे म्हणून ती खरी मानली जाते. एकाची पाहून २० मुलांनी उत्तर लिहिले तर आपण त्याला २० साक्षीदार म्हणत नाही.

वेजवूड घराण्यात तर घोटाळ्याला भरपूर वाव आहे. जोसाया वेजवूड नावाचे तीन पुरुष लागोपाठ झाले: प्रसिद्ध कुंभकार जोसाया (१७३०–१७९५), त्याचा मुलगा जोसाया (१७६९–१८४३), म्हणजे एमाचा बाप, आणि एमाचा भाऊ जोसाया (१७९५–१८८०). या तिसऱ्याने १८३७ मध्ये चार्ल्सच्या बहिणीशी, कॅरोलिनशी लग्न केले. त्याची आत्या हीच त्याची सासू, जरी ती तोवर हयात नव्हती. म्हणजे एका पिढीत वेजवूडची मुलगी डार्विनांकडे, पुढच्या पिढीत पुन्हा एक डार्विनांकडे आणि एक डार्विनांची वेजवूडांकडे. ‘जोसाया वेजवूड आणि डार्विन’ एवढ्या शब्दांवर संगणक दोन जोसायांना एक करू पाहील. त्याला अडवू शकतो तो दुव्याला जोडलेला, तारीख असलेला आधारच.

आणखी एक गंमत. पहिल्या जोसायाची बायको सेरा हिचे माहेरचे आडनावही वेजवूडच. १७६४ मध्ये झालेले हे लग्न लांबच्या भावंडांमधले होते. वंशवृक्षात ‘सेरा वेजवूड’ असे दिसले की जाणकारालाही प्रथम वाटते की भरणाऱ्याला माहेरचे आडनाव सापडले नाही म्हणून त्याने नवऱ्याचेच लावले. इथे तसे नाही. पण ते ओळखायला लग्नाआधीचा कागद लागतो.

असल्या तपशिलाने विज्ञानाचे काय बिघडते? डार्विनला स्वतःला या प्रश्नाची चिंता होती. जवळच्या नात्यातील लग्नांचा संततीवर काय परिणाम होतो हे कळावे म्हणून १८७१ च्या इंग्लंडमधील जनगणनेत त्याबद्दल एक प्रश्न घालावा, असा प्रयत्न त्याने १८७० मध्ये आपला मित्र जॉन लबक याच्यामार्फत पार्लमेंटात केला. तो फेटाळला गेला. मग त्याचा मुलगा जॉर्ज याने दुसरी वाट काढली. वर्तमानपत्रांतील लग्नाच्या बातम्या आणि छापील वंशावळी तपासून एकाच आडनावाच्या वधूवरांची लग्ने त्याने मोजली, त्यांतली निव्वळ योगायोगाने किती असतील ते गणिताने वजा केले, आणि उरलेल्यांवरून सख्ख्या आते-मामे-चुलत-मावस भावंडांतील लग्नांचे प्रमाण काढले. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधानुसार ते लंडनमध्ये सुमारे दीड टक्का, तर सरदार घराण्यांत साडेचार टक्के होते.

आजचे आनुवंशशास्त्र हीच आकडेमोड एकेका घराण्यापुरती करते. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या अपत्याचा अंतःप्रजनन गुणांक १/१६, म्हणजे ०.०६२५. (अपत्याला एखाद्या जनुकस्थानी आईकडून आणि बापाकडून एकाच पूर्वजाच्या जनुकाची प्रत मिळण्याची ही संभाव्यता.) डार्विनच्या मुलांसाठी २०१० मध्ये संशोधकांनी काढलेला गुणांक मात्र ०.०६३० आहे. हा बारीकसा फरक कुठून आला? जोसाया आणि सेरा यांच्या नात्यातून. ७५ वर्षांपूर्वीच्या एका लग्नाची नोंद आणि त्यामागची वंशावळ खरी असेल तरच तिसऱ्या दशांशस्थानचा अंक खरा. डार्विनच्या मुलांना पणजोबा-पणज्या ८ ऐवजी ६ च होत्या. विद्यार्थ्यांना फळ्यावर झाड काढून हे स्वतः मोजायला लावावे.

आपल्याकडे प्रश्न आणखी अवघड होतो, कारण लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची प्रथा होती. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या, आणि माहेरचे आडनावही जोशीच. १८७४ मध्ये लग्न झाले आणि यमुनेची आनंदी झाली. मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे आले. त्या प्रसिद्ध म्हणून हे आपल्याला ठाऊक. इतर लाखो स्त्रियांच्या बाबतीत माहेरची मुलगी आणि सासरची सून या एकच, हे सांगणारा कागद एखादाच, आणि तोही बहुधा लग्नाचाच. तो हरवला की स्त्रीचे माहेर वंशवृक्षातून कायमचे तुटते.

असे कागद कोणते? छापील कुलवृत्तांतांत सुनेच्या माहेरचे नाव बहुधा दिलेले असते, पण ते नातेवाइकांनी पत्राने कळवलेले. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावे असतात. लग्नपत्रिका घरोघर सापडते. ती लग्न ठरल्याचा पुरावा आहे, लागल्याचा नव्हे. सरकारी दाखल्यात लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या असतात, आणि पासपोर्टसाठी १० वर्षांनी नोंदणी केलेली जोडपी पुष्कळ. पत्रिकेवर शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण जानेवारीपासून चैत्रापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८८० च्या माघातले लग्न १९५८ मधले नव्हे, १९५९ मधले. लग्ने माघ-फाल्गुनात किती होतात हे सांगायला नको.

वर्गात हा प्रयोग करायचा झाल्यास प्रत्येकाने आपल्या ओळखीतल्या एका जुन्या लग्नाबद्दल तीन विधाने लिहावीत आणि प्रत्येकापुढे कोणी सांगितले, ते तिथे हजर होते का, आणि कागद असल्यास मूळ की नक्कल, हे टिपावे. मुलांवर स्वतःच्याच घरचे लग्न निवडण्याची सक्ती नको. काही घरांत तो विषय नाजूक असतो. हयात माणसांची नावे वहीतच राहू द्यावीत, इंटरनेटवर चढवू नयेत. आजीने सांगितलेली गोष्ट ‘आजीने सांगितले’ म्हणूनच नोंदवावी, तारखेसह. ती आजी वधू म्हणून बोहल्यावर उभी असेल, तर लग्न लागल्याबद्दल तिच्याइतका प्रत्यक्ष साक्षीदार मिळणार नाही. तारखेबद्दल मात्र पत्रिका शोधून पाहावी.