अणुवीज : दिवा कोणाच्या घरी, धोका कोणाच्या दारी?

वीज म्हटली की कोळसा आणि कोयनेचे पाणी आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु आपल्याच पालघर जिल्ह्यात, तारापूरच्या समुद्रकिनारी, १९६९ साली भारतातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्या विजेची किंमत कोण मोजतो, हे आपल्या कुटुंबांनी समजून घेणे आवश्यक आहे असे आम्हाला वाटते.

चूल वेगळी, वाफ तीच

औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. त्या वाफेने टर्बाइन फिरते आणि जनित्रातून वीज निघते. अणुकेंद्रातही वाफ, टर्बाइन आणि जनित्र असतेच. फक्त चूल वेगळी! या चुलीत युरेनियमचे अणू फुटतात आणि प्रचंड उष्णता बाहेर पडते. इंधन थोडे लागते, धूर निघत नाही. मात्र या चुलीची राख किरणोत्सारी असते. तिच्यातील प्लुटोनियमची किरणशक्ती निम्मी होण्यासच सुमारे २४ हजार वर्षे लागतात. शिवाय भट्टी बंद केली तरी तिची धग लगेच जात नाही. ती पाण्याने सतत गार ठेवावी लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीच्या लाटांनी जनित्रे बुडाली, पाणी फिरवणारे पंप थांबले आणि अनर्थ झाला. त्यापूर्वी २६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे भट्टीचा स्फोट झाला होता. दोन्ही ठिकाणी हजारो कुटुंबांना राहते घर सोडावे लागले.

जगाचे एकमत नाही

२० डिसेंबर १९५१ रोजी अमेरिकेतील आयडाहो येथे अणुभट्टीच्या विजेवर प्रथम चार दिवे पेटले. आज तीसहून अधिक देशांत चारशेच्या वर अणुभट्ट्या आहेत. जगातील दर शंभर युनिट विजेपैकी सुमारे नऊ युनिट त्यांतून मिळतात. फ्रान्स आपली बहुतांश वीज अणूपासून घेतो. चीन नव्या भट्ट्या बांधत आहे. जर्मनीने मात्र एप्रिल २०२३ मध्ये आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. तेव्हा अणुवीज म्हणजेच प्रगती, किंवा अणुवीज म्हणजेच विनाश, असे डोळे झाकून कोणी सांगू नये.

भारताची वाटचाल

डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९५६ साली तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या होत्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाच्या पुरवठ्यात अडथळे आणले. दुसऱ्याच्या हाती चावी असली की काय होते, हे देशाला कळले. पुढे आपल्या तंत्रज्ञांनी तारापूरला ५४० मेगावॉटच्या दोन आणि गुजरातेत काक्रापार येथे ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या उभारल्या. तरीही देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा शंभरात सुमारे तीनच आहे.

आमची कसोटी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. वीज मुबलक आणि स्वस्त हवी, तिच्यावर उद्योग वाढावेत आणि गरिबांची दारिद्र्यातून सुटका व्हावी, असा विचार त्यांनी १९४३ सालीच मांडला. म्हणून आम्ही विजेला विरोध करीत नाही. आम्ही एवढेच विचारतो की लाभ कोणाला आणि झीज कोणाला?

तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर प्रकल्पाला शेतकरी आणि मच्छीमारांनी विरोध केला, तेव्हा एप्रिल २०११ मध्ये पोलीस गोळीबारात एकाचा जीव गेला.

आणि कामगार? ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. सगळी वीज गेली. तेव्हा कामगार बॅटरीच्या उजेडात वर चढले आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून त्यांनी हातांनी बोरॉनचे द्रावण सोडले. मोठे संकट टळले. अशा कामगारांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

अणुकेंद्रात किरणांच्या जागी काम करणाऱ्याला छातीवर किरणमापक बिल्ला लावावा लागतो. अंगाने किती किरण घेतले, हे त्यावरून मोजतात. वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट ही पाच वर्षांच्या हिशेबाने घातलेली मर्यादा आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. म्हणून आमची विनंती आहे, घरातील मुलगा कंत्राटावर अशा कामाला जात असेल तर रोजाची चौकशी करताना आणखी तीन गोष्टी विचारा. बिल्ला त्याच्याच नावाचा आहे का? तो कामावर असताना अंगावरच असतो का? आजवरची नोंद किती आहे? उत्तर मिळाले नाही तर तोंडी बोलून थांबू नका, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. संघटनेच्या माणसांना सोबत न्या. हा आकडा त्याच्या शरीराचा आहे. तो कागदावर मिळालाच पाहिजे.