तडा जाऊ देण्याची विद्या

लोणच्याच्या बरणीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या, की आपण ती बाजूला ठेवतो. जपानमध्ये हिरवट-निळ्या 'सेइजी' भांड्यांवरच्या, म्हणजे सेलाडॉनवरच्या, याच जाळीला 'कान्न्यू' असे स्वतंत्र नाव आहे, आणि ती हवी तशी उमटावी म्हणून कुंभार आयुष्य घालवतात.

तडा जातो तो ताणामुळे. सुमारे १२५० अंश सेल्सिअसला वितळलेली झिलई आणि तिच्याखालची माती, भट्टी निवताना दोन्ही आकसतात. फेल्डस्पारमधून आलेले सोडियम व पोटॅशियम झिलईत जास्त असले, तर ती मातीपेक्षा अधिक आकसू पाहते. माती तिला तसे करू देत नाही, आणि शेवटी झिलईच चिरते. भांडे भट्टीबाहेर आल्यावरही हे थांबत नाही. टिण्, टिण् असा नाजूक आवाज कित्येक दिवस येत राहतो. झिलई जाड असेल, तर तडे तिरके जाऊन पापुद्र्यांसारखे एकाखाली एक पसरतात आणि बर्फाच्या लादीत डोकावल्याचा भास होतो. रंग येतो तो अल्प लोहातून, भट्टीत प्राणवायूची कोंडी केल्याने.

हा आदर्श मुळात चीनचा, दक्षिण सोंग काळातल्या राजभट्ट्यांचा. सादो बेटावरच्या कुंभार घराण्यातले मिउरा कोहेइजी (१९३३–२००६) यांनी त्यासाठी आपल्या बेटाचीच लोहयुक्त तांबडी माती वापरली. मला हे नकलेपेक्षा फार मोठे वाटते, कारण माती बदलली की आकसण्याचे सारे गणित नव्याने मांडावे लागते. १९९७ मध्ये त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळाला. २००७ मध्ये तो सागा प्रांतातल्या नाकाशिमा हिरोशी यांना सेलाडॉनसाठीच लाभला.

'जपानी माणूस दोषात सौंदर्य पाहतो' हे हल्लीचे लाडके वाक्य इथे मात्र लागू पडत नाही. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातला 'बाकोहान' हा सेलाडॉन वाडगा खरोखर फुटला होता. त्याला लोखंडी टाचण्या मारून जोडले आहे. तो अपघात. कान्न्यू हा अपघात नव्हे, ती जाणूनबुजून आखलेली विसंगती आहे, आणि तिची किंमतही असते: अशी झिलई भांड्याला थोडे कमकुवतच करते.

रेषा ठळक दिसाव्यात म्हणून काही जण त्यांत शाई किंवा लोहरंग मुरवतात. काही जण ते काम विकत घेणाऱ्याच्या चहावर सोडतात.