बाळाचा हात हलत नाही? तेल लावा, पण तारीखही बघा

बाळ अंगाने भरलेलं, रडणंही खणखणीत. पण दुपटं बदलताना आजीच्या लक्षात येतं, एक हात हलतच नाही. कोपरात सरळ, आत वळलेला, अंगालगत नुसता पडून. मग घरात कुजबुज सुरू होते. ‘ग्रहणात काही चिरलं असेल’, ‘कुशीवर झोपली असेल’. मैत्रिणींनो, यात बाळंतिणीचा काडीचाही दोष नाही.

मानेतून निघणाऱ्या पाच नसांचं जाळं खांद्यातून हातात उतरतं. बाळ मोठं असलं, आईला मधुमेह असला किंवा डोकं बाहेर येऊन खांदा अडकला, तर या नसा ताणल्या जातात, कधी तुटतातही. विल्हेल्म एर्ब या जर्मन डॉक्टरांनी १८७४ मध्ये या लुळेपणाचं वर्णन केलं, म्हणून याला ‘एर्ब्ज पाल्सी’ म्हणतात. हजारात एखाद-दुसऱ्या बाळाला हा त्रास होतो आणि बहुतेक बाळं बरी होतात.

आयुर्वेदात हाताची अशी दुखणी वातव्याधीत मोडतात. सुश्रुतसंहितेत ‘अवबाहुक’ आणि ‘विश्वाची’ ही नावं येतात. उपचार म्हणजे बला तेल किंवा क्षीरबला तेलाचा अभ्यंग आणि शेक. मोठ्या माणसांना साठी तांदळाचा भात दूध आणि बलामुळाच्या काढ्यात शिजवून त्याच्या पुरचुंडीने शेकतात.

या तेलाचा उपयोग काय? हलक्या हाताने चोळून सांधे हलवले, तर ते आखडत नाहीत. पण तुटलेली नस तेलाने जुळत नाही. नस बरी होते तीसुद्धा रोज जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून तेलाच्या वाटीबरोबर कॅलेंडरही हवं.

आधी डॉक्टरांकडून गळ्याखालचं आडवं हाड मोडलेलं नाही ना, हे बघून घ्या. मग फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका. बोटंही लुळी असतील किंवा त्याच बाजूची पापणी मिटल्यासारखी दिसत असेल, तर महिन्याच्या आतच तज्ज्ञांना दाखवा. एरवी तिसरा महिना संपताना बघा, बाळ कोपर वाकवून हात तोंडाकडे नेतंय का? नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणू नका. नसांची शस्त्रक्रिया लागलीच, तर ती साधारण तीन ते नऊ महिन्यांच्या दरम्यान होते. फार उशीर झाला, की स्नायू सुकतात आणि मग नस जोडूनही पूर्वीची ताकद येत नाही.

मालिशवाल्या मावशींना स्पष्ट सांगा : हात ओढायचा नाही, झटका द्यायचा नाही, उलटं धरायचं नाही. त्या हाताला चटका कळत नसेल, म्हणून गरम पुरचुंडी नको. नाकात तेल तर नकोच. ते फुप्फुसात जाऊ शकतं. सात वर्षांखाली नस्य देऊ नये, असं अष्टांगहृदयातच सांगितलंय. आणि कुणीही दिलेली भस्माची पुडी तान्ह्याला चाटवू नका.

खर्चाची धास्ती वाटत असेल, तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

वैद्यांकडे जरूर जा. पण डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका. लसीकरणाच्या कार्डावरच ती लिहून ठेवा.