'तारीख जवळ आली वाटतं!'

बाई चिडली, रडली किंवा नुसती गप्प झाली, की घरातलं कोणीतरी हे वाक्य टाकतंच. आणि तीच बाई डॉक्टरकडे जायचं म्हणाली, की दुसरं वाक्य तयार असतं: "अगं, सगळ्यांनाच होतं. आम्ही कुठे गेलो डॉक्टरकडे?" पहिल्या वाक्याने ती दुखावते. दुसऱ्याने तिचे उपचार राहून जातात, म्हणून माझा राग दुसऱ्यावर जास्त आहे.

सगळ्यांना होतं ते हे नव्हे. पाळीआधी पोट फुगणं, छाती दुखणं, थोडी चिडचिड हे पुष्कळजणींना होतं. पीएमडीडी म्हणजे पाळीपूर्व नैराश्याचा तीव्र आजार मात्र पाळी येणाऱ्या शंभर बायकांत साधारण दोन ते सहा जणींना असतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या ग्रंथात २०१३ पासून तो नैराश्याच्या आजारांतच मोडतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात कणीक मळता मळता रडू फुटतं, मुलांचा आवाज सहन होत नाही, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. मग घरचे म्हणतात, "बघ, झाली ना बरी! नाटकंच होती." तिलाही ते पटायला लागतं. खरं तर असं ठरलेल्या वेळी येणं आणि ठरलेल्या वेळी जाणं हीच या आजाराची खूण आहे. ज्याला घरचे नाटकाचा पुरावा समजतात, त्यावरूनच डॉक्टर निदान करतात!

"पण हार्मोन्सचे रिपोर्ट तर नॉर्मल आले." येणारच. संशोधक पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८चा प्रयोग पाहा. त्यांनी औषधाने अंडाशयांचं काम थांबवलं, तेव्हा पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बऱ्याच जणींना आराम पडला. मग बाहेरून इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन दिल्यावर त्यांचा त्रास परतला. ज्यांना असा त्रास कधीच नव्हता, त्यांना हेच सगळं दिलं, तर त्यांच्या मनःस्थितीत काही फरक पडला नाही. म्हणजे हार्मोन तेच, पण मेंदू त्यांना वेगळा प्रतिसाद देतो. तो रक्ताच्या बाटलीत कसा दिसणार? थायरॉइड आणि हिमोग्लोबिन जरूर तपासा, पण ते दुसरं काही नाही ना, एवढं पाहण्यासाठी.

निदान नोंदींवरून होतं. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा मांडतो, त्यावरच रोज रात्री एक आकडा लिहायचा: मन ठीक असेल तर १, अगदी असह्य असेल तर ६. असं पाळीची सलग दोन चक्रं. आकडे महिनाभर चढेच राहिले, तर तो बहुधा सतत असलेला आणि पाळीआधी वाढणारा नैराश्याचा आजार असतो. त्याचे उपचार वेगळे.

लग्न झालं, मूल झालं की जातं? नाही. गरोदरपणात पाळीचं चक्रच थांबलेलं असतं म्हणून त्रास थांबतो, पुढे पाळीबरोबर परत येऊ शकतो.

पिशवी काढली की सुटका? अंडाशय राहिले तर हार्मोन्सचं चक्र चालूच राहतं. 'पिशवी काढली की सुटका' असं ऐकून ऑपरेशनला तयार होणाऱ्या बायकांना हे कोणीतरी आधी सांगायला हवं.

डिप्रेशनच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत? या आजारात एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण बहुतेकदा काही दिवसांतच दिसतो आणि अनेकींना त्या फक्त पाळीआधीचे चौदा दिवस पुरतात. कोणाला कशा द्यायच्या हे डॉक्टर ठरवतील.

मात्र मनात मरणाचे विचार येत असतील, तर दोन महिन्यांच्या नोंदी पुऱ्या होण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, घरात कोणालातरी जवळ थांबायला सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.