ज्यांना आम्ही आपल्या नेत्यांत मोजलेच नाही

२०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे १९ मार्च हा दिवस रमजानमध्ये आला. आम्ही सहरी करून रोज्याने होतो आणि त्याच दिवशी महाराष्ट्रात इतर धर्मांची बरीच माणसेही उपाशी होती. त्यांचा उपवास कोणत्या देवाचा नव्हता. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुले, असे अख्खे घर संपले. त्या घराच्या आणि त्यानंतर त्याच वाटेने गेलेल्या शेतकऱ्यांच्या आठवणीत या दिवशी अन्नत्याग केला जातो. ही हाक २०१७ पासून दिली जाते. देणारे गृहस्थ आपल्या बीड जिल्ह्यातले, आंबाजोगाईचे. नाव अमर हबीब.

वाचकहो, ‘आपल्या समाजाचे नेते कोण?’ असे कुणी विचारले तर आपण काय सांगतो? एखादे आमदार, नगरसेवक, जमातचे अमीर, मदरशाचे मौलाना, वक्फच्या जमिनींसाठी कोर्टकचेऱ्या करणारे एखादे कार्यकर्ते. या यादीत अमर हबीब यांचे नाव सहसा येत नाही. आम्हीही ते आजवर घेतले नव्हते. कारण साधे आहे. ते मुसलमानांच्या प्रश्नांवर मोर्चे काढणारे म्हणून ओळखले जात नाहीत, शेतकऱ्यांसाठी लढणारे म्हणून ओळखले जातात. आणि आपल्याला सवय अशी लागली आहे की जो आपले गाऱ्हाणे मांडतो तोच आपला.

आंबाजोगाई हे गाव एरवी योगेश्वरीचे आणि आद्यकवी मुकुंदराजांचे म्हणून ओळखले जाते. निजामाच्या राजवटीत याच गावाला मोमिनाबाद म्हणत. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे गुदरले त्याचा अहवाल पंडित सुंदरलाल समितीने दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांनंतरच्या जिल्ह्यांत तिने बीडचे नाव घेतले आहे. त्या धक्क्यानंतर इथला मुसलमान बराच काळ मान खाली घालून जगला. सार्वजनिक प्रश्नावर बोलायचे असेल तर आधी आपली निष्ठा सिद्ध करा, अशी ती हवा होती. अशा भागातून पुढच्या पिढीतला एक तरुण निघतो आणि कुणाची परवानगी न विचारता साऱ्या देशाच्या प्रश्नावर बोलू लागतो, याचे मोल म्हणून वेगळे.

अमर हबीब जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून घडले. जयप्रकाशजींनी स्थापन केलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीचे ते कार्यकर्ते. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास झाला. पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेत त्यांनी काम केले, पत्रकारिता केली, मराठीत पुस्तके लिहिली. अलीकडच्या काळात किसानपुत्र आंदोलन हेच त्यांचे मुख्य काम आहे.

त्यांचे म्हणणे समजून घ्यायला थोडा धीर लागतो, कारण ते आपल्या कानांच्या सवयीचे नाही. शेतकरी का मरतो? दुष्काळ, दारू, लग्नाचा खर्च, सावकार, ही उत्तरे आपल्याला पाठ आहेत. अमर हबीब यांना ती मान्य नाहीत. ते म्हणतात, शेतकऱ्याला कायद्यांनी बांधून ठेवले आहे आणि बांधलेला माणूस बुडणारच. कर्जमाफीने तो दोन दिवस वर येतो, दोर तसाच राहतो. त्यांच्या मते हे दोर तीन आहेत: जमिनीच्या कमाल मर्यादेचा म्हणजे सीलिंगचा कायदा, आवश्यक वस्तूंचा कायदा आणि जमीन अधिग्रहणाचा कायदा. शिवाय १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला नववे परिशिष्ट जोडले गेले. त्यात घातलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून न्यायालयात आव्हान देता येऊ नये, अशी ती तजवीज. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते, आज २८४ आहेत. (२००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ नंतर त्यात घातलेले कायदे तपासण्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्राचा सीलिंग कायदा १९६१ चा, तो त्याआधीच आत गेलेला.) ती घटनादुरुस्ती १८ जूनची, म्हणून किसानपुत्र आंदोलन हा दिवस शेतकरी पारतंत्र्य दिवस म्हणून पाळते.

यातला आवश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा आपल्या स्वयंपाकघराशी थेट जोडलेला आहे. तूर महागली की सरकार व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा घालते. जून २०२३ मध्ये तूर आणि उडदावर तशी मर्यादा आलीच होती. कांदा चढला की निर्यात बंद. कायदा वेगळा, दिशा तीच. डिसेंबर २०२३ मध्ये तेही झाले. शहरातल्या घराला दिलासा मिळतो, आणि आष्टी-पाटोद्याकडच्या ज्या शेतकऱ्याला चार वर्षांत एकदा भाव सापडला होता, त्याच्या हातून तो जातो. आपल्यातले बागवान भाऊ हे खेळ रोज पाहतात. आडतीवर बसणाऱ्यालाही यात फार सुख नाही.

येथे आम्हाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहवत नाही. मदिनेत एकदा भाव चढले. लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विनंती केली की आपण भाव ठरवून द्यावेत. त्यांनी नकार दिला. भाव चढवणारा-उतरवणारा अल्लाह आहे आणि कुणाच्या मालावर अन्याय केल्याचा दावा डोक्यावर घेऊन आपल्याला त्याच्यासमोर जायचे नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. त्याच शिकवणुकीत भाव चढावा म्हणून धान्य दडवून ठेवणाऱ्याला गुन्हेगारही म्हटले आहे, हे विसरून चालणार नाही. अमर हबीब स्वतः असे दाखले देत नाहीत, ते कायद्याच्या आणि स्वातंत्र्याच्या भाषेत बोलतात. पण आपल्या घरात ही हदीस माहीत असलेली माणसे असताना शेतमालाच्या भावावर जुम्याच्या बयानात कधी शब्द निघत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

सीलिंगच्या बाबतीत मात्र आमचे मन त्यांच्याबरोबर पूर्ण जात नाही. महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आणि बारमाही बागायतीची १८ एकर आहे. त्यांचा प्रश्न असा की कारखानदाराला, हॉटेलवाल्याला अशी मर्यादा नाही, मग शेतकऱ्यालाच का? मर्यादा आहे म्हणून भांडवल आणि कर्तबगार माणूस शेतीत येत नाही आणि जमिनीचे तुकडे होत राहतात, असे ते सांगतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी धारणा १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली होती. तुकड्यांचे दुखणे खरे आहे. पण बीड जिल्ह्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांच्या नावावर सातबाराच नाही. कुणी ऊसतोडीला जातो, कुणी हमाली करतो, कुणी गाडा लावतो. सीलिंग उठल्यावर ज्याच्याकडे पैसा आहे तो जमीन घेईल, आणि आपला माणूस? या प्रश्नाचे समाधान करणारे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. नेता मानायचा म्हणजे त्याचे सगळे मान्य करायचे, असे कुठे आहे?

दुसरीकडे, २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा आपण तो फक्त कुरेशी बिरादरीचा प्रश्न समजलो. म्हातारा बैल विकून नवा घ्यायचा, हा शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब होता. तोही त्याच दिवशी मोडला. एकाच दोरीची ही दोन टोके होती आणि दोन्हीकडचे लोक वेगवेगळे रडले. शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा मुसलमान आपल्याच दारात आहे, हे तेव्हा कुणाला सुचले नाही.

किसानपुत्र हा शब्दही विचार करण्यासारखा आहे. शेतात राबणाऱ्याला लढायला उसंत नसते, म्हणून शेतकऱ्याच्या घरातून शिकून शहरात गेलेल्या मुलामुलींनी ही लढाई लढावी, अशी ती कल्पना. पुण्याच्या कंपनीत, संभाजीनगरच्या दुकानात, आखाती देशांत गेलेली आपली मुले यात बसतात की नाही? गावाकडच्या दोन एकरांचा विषय निघाला की ती म्हणतात, ‘अब्बा, विकून टाका.’ अब्बा विकत नाहीत आणि त्यांना त्यात काही मिळतही नाही.

मराठवाड्यात ज्या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या सर्वाधिक नोंदवल्या जातात त्यांत बीड वर्षानुवर्षे पुढे आहे. आत्महत्या आपल्याकडे हराम आहे, त्यामुळे असे काही घडले की मोहल्ल्यात आवाज खाली येतात. मागे राहिलेल्या बाईकडे लोक बघतात, बोलत नाहीत. सरकारी मदत एक लाखाची, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, तीही प्रकरण ‘पात्र’ ठरले तर. सातबाऱ्यावर तिचे नाव लागेपर्यंत तलाठ्याच्या किती चकरा होतात, ते तिलाच ठाऊक. १९ मार्चच्या अन्नत्यागात घोषणा किंवा मागणीपेक्षा सहवेदना मोठी आहे. एक दिवस जेवायचे नाही आणि अशा घरांची आठवण ठेवायची.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये १९ मार्च ईदनंतर, शव्वालमध्ये येईल. आपल्या घरातल्या बायका तेव्हा शव्वालचे सहा रोजे धरत असतात. त्यातला एखादा त्या दिवशी आला तर रोजा अल्लाहसाठीच असेल. इफ्तारीचे एक ताट झाकून शेजारच्या गल्लीतल्या अशा एखाद्या घरी मात्र पाठवता येईल.